टेबलावरचे घोडदळ

इतिहासातील लढाया सोंगट्या, फासे आणि मोजपट्टी घेऊन टेबलावर खेळण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत जुना आहे. विज्ञानकथालेखक एच. जी. वेल्स यांनी 1913 साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा खेळाचे सोपे नियम दिले. इतिहास ‘करून पाहण्या’साठी ते वर्गात चालतील का? वर्धा जिल्ह्यातील शाळांना जवळची अशी एक लढाई घेऊन पाहू.

26 आणि 27 नोव्हेंबर 1817 रोजी नागपूरच्या सीताबर्डी टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रजांची फौज यांच्यात लढाई झाली. इंग्रजांकडे दीड हजाराच्या आत माणसे होती, भोसल्यांकडे त्यांच्या दहापटीहून अधिक. कॅप्टन फिट्झजेराल्डने बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन किती तरी मोठ्या जमावावर हल्ला चढवला, त्याला पांगवले आणि दोन तोफा ताब्यात घेतल्या.

आता हा हल्ला वेल्स यांच्या नियमांनी खेळू. एका खेळीत पायदळ एक फूट सरकते, घोडदळ दोन फूट. हे दुप्पट प्रमाण बरोबर आहे का? भरधाव घोडा ताशी 36 किलोमीटर वेगाने धावतो असे धरू. म्हणजे 100 मीटर अंतर तो 10 सेकंदांत कापतो. ताशी 6 किलोमीटर वेगाने चालणाऱ्या शिपायाला त्यासाठी 60 सेकंद लागतात. तरबेज बंदूकवाला त्या काळी मिनिटाला साधारण तीन बार काढी. म्हणजे चालत येणाऱ्या शिपायाला तीन गोळ्यांना तोंड द्यावे लागे, घोडेस्वाराला फार तर एका. इथे प्रमाण दोनास एक नसून सहास एक आहे. उलट दिवसभराच्या मजलेत घोडा दौडत राहू शकत नाही; तो चालीवर आला की फरक जवळजवळ उरत नाही. ‘दोन’ हा आकडा धड हल्ल्याला लागू नाही, धड मजलेलाही नाही.

दुसरा दोष अधिक मोठा आहे. हातघाईत माणसामागे माणूस पडतो, असा वेल्स यांचा हिशेब आहे. मग 10 सोंगट्या 30 सोंगट्यांवर तुटून पडल्या, तर त्या संपल्याच म्हणायच्या. सीताबर्डीला मात्र नेमके उलटे घडले. घट्ट रांगेतला वेग आणि समोरच्यांचा सुटलेला धीर यांना या नियमांत जागाच नाही. फिट्झजेराल्डला आधी हल्ल्याची परवानगी नाकारली गेली होती, हेही टेबलावर उमटत नाही. तिथे सोंगटी नेहमीच हुकूम पाळते आणि खेळणाऱ्याला सारे मैदान दिसते. प्रशियाच्या राइसविट्झने 1824 साली केलेल्या खेळात पंच असे, आणि दिसायला हवे तेवढेच तो खेळाडूला सांगे. या बाबतीत तो जुना खेळ सरस होता.

मग हा खेळ टाकून द्यावा का? आमचे मत तसे नाही. प्रत्येक शास्त्रीय प्रतिमान वास्तवातले काहीतरी गाळूनच बनते. काय गाळले हे ओळखणे हाच धडा. विद्यार्थ्यांनी एकच हल्ला वीस वेळा खेळावा, निकाल नोंदवावेत. नंतर धीर सुटण्याचा नियम फाशावर बसवावा आणि पुन्हा वीस वेळा खेळून दोन्ही नोंदी ताडून पाहाव्यात. निकाल सेनापतीच्या शौर्याने बदलला की आपण घातलेल्या नियमाने, हे त्यांनीच सांगावे.

एक गाळलेली गोष्ट मात्र शिक्षकांनी स्वतः बोलून दाखवली पाहिजे. पडलेली सोंगटी पुन्हा डब्यात जाते. सीताबर्डीला दोन्ही बाजूंनी पडलेल्यांत याच देशातली माणसे बहुसंख्य होती. वेल्स यांनीही पुस्तकाच्या शेवटी खऱ्या युद्धापेक्षा हे खेळातले युद्धच बरे म्हटले होते. पुढच्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. ज्या वर्ध्यात 1937 साली हाताने काम करून शिकण्याचा विचार शिक्षणपरिषदेत मांडला गेला, तिथे हा खेळ खेळताना पडलेल्या सोंगट्यांची मोजणीही फळ्यावर लिहावी. तिथे विजयाचा आकडा लिहायचा, तर त्याच्या शेजारी हाही हवाच.