दुसरी संधी कोण देतं? आमिश प्रेमकादंबऱ्यांविषयी

आजचा विषय थोडा आडवाटेचा आहे: अमेरिकेत इंग्रजीतून लिहिल्या जाणाऱ्या आमिश प्रेमकादंबऱ्या. मुखपृष्ठावर टोपी घातलेली तरुणी, मागे शेत, घोड्याची बग्गी. आत एक जुनं प्रेम, ताटातूट, आणि काही वर्षांनी पुन्हा गाठ. तुम्ही म्हणाल, हे हलकं वाचन. यात तत्त्वज्ञानाचं काय काम? पण यात एक जड प्रश्न दडलेला आहे. हातून गेलेलं परत मिळतं, ते नेमकं कुणाच्या देण्यानं?

आधी थोडी पार्श्वभूमी. आमिश हे ॲनाबॅप्टिस्ट ख्रिस्ती परंपरेतले. १६९३ मध्ये याकोब आमान यांच्या पुढाकारानं ते वेगळे झाले. वादाचं एक मुख्य कारण होतं बहिष्कार: पंथाची शपथ मोडणाऱ्याशी व्यवहार किती तोडायचा? पुढे ते पेनसिल्व्हेनियात आले. त्यांच्यात बाप्तिस्मा लहानपणी होत नाही. मोठं झाल्यावर, स्वतःहून घ्यायचा असतो. बाप्तिस्म्याआधी कुणी बाहेर पडला, तर बहिष्कार नाही. घेतल्यानंतर पडला, तर आहे. घटस्फोटाला मान्यता नाही, आणि जोडीदार हयात असताना दुसरं लग्न नाही.

‘वाळीत टाकणं’ म्हटलं की आपल्याला जातपंचायत आठवते, तिच्याविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आठवतो. दुःख तिथेही आहे, इथेही आहे. फरक एवढाच, की जात जन्मानं चिकटते आणि आमिश शपथ माणूस आपल्या तोंडानं घेतो. म्हणून ती मोडणं हा त्या समाजाच्या दृष्टीनं वचनभंग ठरतो.

आता कादंबरीकाराला इथे काय सापडतं पाहा. आजच्या शहरी प्रेमकथेत अटळ असं फारसं उरलेलं नाही. फोन करता येतो, लग्न मोडता येतं, गाव बदलता येतं. आमिश गावात मात्र दार लागलं की लागलं. त्यामुळे तिथे हरवलेलं प्रेम खरोखर हरवलेलं असतं.

या लाटेची सुरुवात साधारणपणे बेव्हर्ली लुईस यांच्या १९९७ च्या ‘द शनिंग’पासून धरतात. लुईस स्वतः आमिश नाहीत. नायिका केटी लॅप एका विधुर बिशपशी लग्न करायला निघाली आहे. तिचा पहिला प्रियकर डॅनियल बुडून मेला, असं सगळे समजून आहेत. पुढच्या भागांत कळतं, तो जिवंत आहे!

माझा आक्षेप इथे सुरू होतो. मेलेला जिवंत निघतो. किंवा, या प्रकारात वरचेवर होतं तसं, नको असलेला जोडीदार वारतो आणि वाट मोकळी होते. एवढी भक्कम भिंत उभी करायची आणि मग लेखकानंच मागचं दार उघडायचं! संधी मिळते ती योगायोगाकडून. कुणाला काही द्यावं लागत नाही, कुणाला काही सोडावं लागत नाही.

यावर एक उत्तर आहे, आणि ते रास्त आहे. व्हॅलरी वीव्हर-झर्चर यांनी २०१३ मध्ये या कादंबऱ्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. धावपळीच्या आणि उघड्यावाघड्या जगाला कंटाळलेल्या वाचकांना इथे संथपणा आणि मर्यादा मिळते, असं त्यांचं सांगणं. दमलेल्या माणसाला विसावा हवा असतो. त्याला मी हसणार नाही. पण विसावा आणि क्षमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हॅना आरेंट यांनी १९५८ च्या ‘द ह्यूमन कंडिशन’मध्ये मांडलं, की केलेलं कर्म परत घेता येत नाही, त्यावर माणसाजवळ एकच उपाय आहे, क्षमा. आणि पुढचं काही सांगता येत नाही. त्यावर उपाय, वचन. पण स्वतःला स्वतःच क्षमा करता येत नाही, दुसरा माणूस लागतो. म्हणजे दुसरी संधी ही घटना नव्हे बरं का, ते कुणीतरी दिलेलं दान असतं.

गंमत अशी, की आमिशांकडे याची रीत आहे. शपथ मोडलेला माणूस परत आला, तर मंडळीसमोर गुडघे टेकून कबुली देतो. ती स्वीकारली की बहिष्कार उठतो, आणि झालं गेलं पुन्हा उकरायचं नाही असा दंडक आहे. विचार करा, त्या मंडळीत ती बसली आहे, जिला हा सोडून गेला होता. सगळ्यांनी क्षमा केली, पण तिच्या मनाचं काय? खरी कादंबरी इथे आहे. मी वाचलेल्या पुस्तकांत हा प्रसंग पटकन उरकलेला दिसतो.

२ ऑक्टोबर २००६ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या निकेल माइन्सच्या शाळेत एका माणसानं दहा आमिश मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच दगावल्या. त्याच दिवशी आमिश माणसं त्याच्या कुटुंबाला क्षमेचा निरोप द्यायला गेली. त्या क्षमेनं कुणाची मुलगी परत आली नाही. क्षमा म्हणजे भरपाई नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्यावरच्या कादंबऱ्या मात्र क्षमेसोबत भरपाईही हातात ठेवतात.

मग सुखान्त लिहूच नये का? जरूर लिहावा. जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्वेजन’मध्ये ॲन आणि वेंटवर्थ आठ वर्षांनी एकत्र येतात. त्यासाठी कुणाला मरावं लागत नाही. उलट शेवटी वेंटवर्थ हिशेब मांडतो: दोन वर्षांनी मी पत्र टाकलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, पुढची सहा वर्षं माझ्या अहंकारानं खाल्ली. ती वर्षं गेली ती गेलीच. तरी तो आनंद खरा वाटतो, कारण त्याची किंमत कुणी लपवलेली नाही.

म्हणून पुढच्या वेळी अशी कादंबरी हाती आली, तर आवडीनं वाचा. फक्त शेवटी एवढं विचारा, ही संधी यांना कुणी दिली? त्याचं उत्तर ‘नशिबानं’ असं आलं, तर करमणूक झाली म्हणायचं. ‘तिनं दिली’ असं आलं, तर ते पुस्तक कपाटात जपून ठेवा.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ या.