जिनसेंगमधील ‘सक्रिय घटक’: संशोधनाचे एक चिकित्सक वाचन

प्रस्तावना

औषधी वनस्पतींवरील बरेचसे शोधनिबंध एका ठरावीक क्रमाने जातात. वनस्पती निवडायची, अर्क काढायचा, घटक वेगळा करायचा आणि त्याचा परिणाम मोजायचा. जिनसेंगचे संशोधन हे या क्रमाचे नेहमीचे उदाहरण आहे. मात्र या क्रमातील प्रत्येक पायरी तपासली, तर ‘जिनसेंग’ हा एकच शब्द वेगवेगळ्या पदार्थांसाठी वापरला गेल्याचे दिसते. निष्कर्षांमधील विसंगतीचे एक मोठे कारण येथे आहे, असे या टिपणाचे प्रतिपादन आहे.

१. घटक कसे सापडले?

आशियाई जिनसेंग म्हणजे पॅनॅक्स जिनसेंग आणि अमेरिकन जिनसेंग म्हणजे पॅनॅक्स क्विंक्विफोलियस. दोन्ही अ‍ॅरेलिएसी कुलातील वनस्पती आहेत. गॅरिक्स यांनी १८५४ मध्ये अमेरिकन जिनसेंगच्या मुळातून एक पदार्थ वेगळा केला व त्याला ‘पॅनाक्विलॉन’ असे नाव दिले. परंतु घटकांच्या रचना उलगडण्यासाठी १९६० चे दशक उजाडावे लागले. हे काम प्रामुख्याने टोकियो विद्यापीठातील शोजी शिबाता आणि सहकाऱ्यांनी केले. हे घटक सॅपोनिन वर्गातील असून त्यांना जिनसेनोसाइड म्हणतात. प्रत्येकात ट्रायटर्पीनचा एक गाभा आणि त्याला जोडलेल्या शर्करा असतात. आरबी१, आरजी१ ही नावे तनुस्तर क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवरील ठिपक्यांच्या खालून वर जाणाऱ्या क्रमावरून पडली. म्हणजे नावावरून घटकाचे पट्टीवरील स्थान कळते, कार्य कळत नाही.

या इतिहासातील एक प्रसंग विशेष बोधप्रद आहे. शर्करा तोडण्यासाठी आम्ल वापरले असता ‘पॅनॅक्साडायॉल’ हा गाभा मिळत असे. पुढे लक्षात आले की तो मुळात तशा रूपात नसतोच. खरा गाभा प्रोटोपॅनॅक्साडायॉल हा आहे आणि आम्लामुळे त्याच्या बाजूच्या साखळीचे वलय बनते. शोधण्याच्या पद्धतीनेच नवा पदार्थ तयार केला होता. संशोधकांनी ही चूक स्वतः शोधून दुरुस्त केली, हे त्या कामाचे मोठेपण होय.

२. मुळापासून रक्तापर्यंत

मूळ वाफवून वाळवले की ‘लाल जिनसेंग’ मिळते. उष्णतेने काही जिनसेनोसाइडचे रूपांतर होते आणि ताज्या मुळात अत्यल्प असणारे आरजी३ सारखे घटक वाढतात. त्यामुळे पांढरे आणि लाल जिनसेंग एकाच वनस्पतीचे असले तरी रासायनिकदृष्ट्या सारखे नसतात.

पुढचा बदल आपल्या शरीरात होतो. तोंडावाटे घेतलेले आरबी१ फार थोड्या प्रमाणात शोषले जाते. आतड्यातील जीवाणू त्याच्या शर्करा एकेक करून काढतात आणि ‘कंपाउंड के’ तयार होते, जे तुलनेने सहज शोषले जाते. जीवाणूंची ही क्षमता व्यक्तीगणिक बदलते. अशा स्थितीत पेशींवर थेट आरबी१ टाकून केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष कॅप्सूल गिळणाऱ्या माणसाला लावता येईल का? अनेक निबंध हा प्रश्न न विचारताच समारोपाकडे वळतात.

३. एक कसोटी: रक्तशर्करेचे प्रयोग

टोरांटो येथील व्लादिमिर वुक्सान यांच्या गटाने २००० मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १० निरोगी आणि ९ मधुमेही व्यक्ती होत्या. ग्लुकोज पिण्याच्या ४० मिनिटे आधी ३ ग्रॅम अमेरिकन जिनसेंग घेतल्यास दोन्ही गटांत रक्तशर्करेची वाढ प्लासिबोच्या तुलनेत कमी राहिली. एवढ्यावर जाहिरात तयार होऊ शकली असती. परंतु त्याच गटाने २००३ मध्ये जिनसेनोसाइडचे प्रमाण कमी असलेली दुसरी खेप वापरली, तेव्हा परिणाम आढळला नाही. आशियाई जिनसेंगच्या प्रयोगांत तर काही मोजमापांत रक्तशर्करा उलट वाढलेली दिसली.

हे निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा प्रामाणिकपणा दाद देण्याजोगा आहे. तरीही एक मर्यादा नोंदवायला हवी. खेप बदलली की जिनसेनोसाइडबरोबर मुळातील इतर घटकही बदलतात. म्हणून ‘जिनसेनोसाइड कमी, म्हणून परिणाम नाही’ हे अनुमान शक्य कोटीतले आहे, सिद्ध झालेले नाही. सहभागींची संख्याही लहान होती.

घटकांच्या परस्परप्रमाणाचा प्रश्नही आहेच. शिलादित्य सेनगुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात दाखवले की आरजी१ नव्या रक्तवाहिन्यांच्या निर्मितीला चालना देते, तर आरबी१ तिला रोखते. एकाच मुळात दोन विरुद्ध प्रवृत्ती असतील, तर ‘एकूण जिनसेनोसाइड इतके टक्के’ एवढी नोंद अपुरी ठरते.

४. नावाची उसनवारी

‘सायबेरियन जिनसेंग’ म्हणून विकली जाणारी एल्यूथेरोकोकस ही वनस्पती त्याच कुलातील असली तरी तिच्यात जिनसेनोसाइड नसतात. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने ‘जिनसेंग’ हे नाव पॅनॅक्स प्रजातीपुरते मर्यादित केले. आपल्याकडे अश्वगंधेला ‘भारतीय जिनसेंग’ म्हणण्याची रीत आहे. अश्वगंधा ही वांगी-टोमॅटोच्या कुलातील असून तिचे वैशिष्ट्यपूर्ण घटक विथॅनोलाइड हे आहेत. तिचे गुणदोष तिच्यावरील प्रयोगांतूनच ठरले पाहिजेत. उसन्या नावाबरोबर पुरावाही उसना घेतला, तर मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाची दिशाभूल होऊ शकते आणि अश्वगंधेच्या स्वतंत्र अभ्यासावरही अन्याय होतो.

समारोप

जिनसेंगच्या संशोधनात रसायनशास्त्र भक्कम आहे. कच्चा दुवा आहे तो रसायन आणि परिणाम यांना जोडणारा. ‘सक्रिय घटक’ हा मुळात तयार दडलेला नसतो. जाती, प्रक्रिया आणि खाणाऱ्याचे आतडे मिळून तो ठरतो. म्हणून निबंधाचा निष्कर्ष वाचण्याआधी ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग वाचावा. नेमके काय दिले हे तिथे स्पष्ट नसेल, तर निष्कर्ष कशाविषयी आहे हेही स्पष्ट नसते.

स्वाध्याय

१. पॅनॅक्साडायॉलच्या उदाहरणावरून प्रयोगपद्धती आणि निष्कर्ष यांचा संबंध स्पष्ट करा.
२. जिनसेनोसाइडमुळेच रक्तशर्करा कमी होते हे तपासण्यासाठी प्रयोगाचा आराखडा सुचवा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या औषधी उत्पादनाचे वेष्टन पाहा. त्यावर वनस्पतीची जाती, वापरलेला भाग आणि घटकांचे प्रमाण दिले आहे का, ते नोंदवा.