एका सूचनेचे परीक्षण

आजवर मी पुष्कळ पुस्तकांची परीक्षणे लिहिली. त्यांतली काही तर पुस्तक वाचूनसुद्धा लिहिली. पण भाचीच्या कॉलेजातल्या फलकावर लागलेली पोशाखाची सूचना मी अक्षरन् अक्षर वाचली. कारण तिच्यापायी भाचीचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल बुडालं. कुर्त्याला बाह्या नाहीत म्हणून फाटकावरूनच परत पाठवली.

लेखकाचं नाव नाही. खाली नुसतं 'हुकुमावरून'. भाषा भारदस्त. 'शालीन' हा शब्द चार वेळा येतो, अर्थ एकदाही येत नाही. एकूण कलमं १२. त्यांतली ११ मुलींना: बाही, गळा, ओढणी, चपलेची टाच. निरीक्षण इतकं बारीक, की लक्ष नेमकं कुणाचं विचलित झालं होतं अशी शंका यावी! मुलांना शेवटचं एकच कलम : 'नीटनेटके यावे.'

शेवटी परंपरेचा दाखला आहेच. आता परंपराच म्हणाल, तर साडी ऐटीत कशी नेसावी हे मराठी बायकांनी ज्यांच्याकडे पाहून उचललं, ते बालगंधर्व; म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. १९०५ साली ते रंगभूमीवर आले आणि पुढे घराघरांतून त्यांच्यासारखं नेसणं, त्यांच्यासारखा गजरा माळणं सुरू झालं. शालीनतेचा आमचा नमुनाच मुळी पुरुष! त्यांना या फाटकातून कुठल्या कलमाखाली आत सोडलं असतं?

संध्याकाळी भाचीच्या वर्गातला एक मुलगा तिला जर्नल द्यायला आला. पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. प्रॅक्टिकल मात्र व्यवस्थित करून आलेला. भाची त्याच बिनबाह्यांच्या कुर्त्यात समोर बसली होती. मी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. त्याचं लक्ष एकदाच विचलित झालं, पोह्यांची बशी आली तेव्हा.

"काका," खाता खाता तो म्हणाला, "ती नोटीस हिच्यावर नाहीच. आमच्यावर आहे. बाही दिसली की आम्ही माणसात राहत नाही, असं लिहिलंय त्यात."

"आणि प्रॅक्टिकल बुडालं माझं!" भाची म्हणाली.

एवढी वर्षं परीक्षणं लिहितोय, पण इतकं नेमकं मला कधी जमलं नाही.

तरी शेवटी शिफारस करायची रीत आहे, म्हणून करतो. सूचनेची सुधारून दुसरी आवृत्ती काढावी. कलम एकच ठेवावं : 'सर्वांनी नीटनेटके यावे.' लेखकाला हे वाक्य लिहिता येतं, हे बाराव्या कलमात सिद्ध झालेलंच आहे.