छायाचित्रांतील गती आणि काळ

नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातून दसऱ्यास व होला महल्ल्यास ‘हल्ला’ निघतो. उपसलेल्या तलवारी घेऊन शीख मंडळी धावत सुटतात, घोडे भरधाव सोडले जातात. या प्रसंगाची छायाचित्रे पाहताना एक विसंगती ध्यानात येते. जी चित्रे तंत्रदृष्ट्या निर्दोष, तीच बहुधा निर्जीव! सेकंदाच्या हजाराव्या भागात घेतलेल्या चित्रात आयाळीचा केसन्‌केस मोजता येतो. घोडा मात्र धावत नाही, चौकातील पुतळ्यासारखा थिजून राहतो.

हा वाद जुनाच आहे. १८७८ साली मायब्रिजने कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याच्या वाटेवर कॅमेऱ्यांची ओळ मांडून सिद्ध केले की, घोड्याचे चारही पाय भूमीपासून सुटतात ते पोटाखाली गोळा झाले असता. पुढेमागे ताणलेले असता नव्हे. जेरिकोने १८२१ मध्ये रंगविलेले एप्समच्या शर्यतीचे घोडे त्यामुळे खोटे ठरले. तथापि शिल्पकार रोदँने चित्रकाराचीच बाजू घेतली. काळ कधी थांबत नाही, तेव्हा थांबलेला क्षण दाखविणारे यंत्रच असत्य बोलते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. प्रस्तुत लेखकास हे अर्धेच पटते. यंत्राने किती वेळ पाहावयाचे हे माणूस ठरवितो, चूक त्याची. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापुरते उघडे ठेवून कॅमेरा घोड्याबरोबर वळवीत नेला, तर मागची गर्दी रेघारेघांत विरघळते, खूर पुसट होतात आणि घोडा धावू लागतो. या पुसटपणास दोष मानून असली चित्रे टाकून देणारे संपादक पुष्कळ आहेत. त्यांना काय म्हणावे?

मग हालचाल नसेल तेथे छायाचित्रात काळ उतरतच नाही की काय? या शंकेचे उत्तर शेजारच्या लातूर जिल्ह्यात मिळते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून गावे निजली होती; दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्यांवर कोसळल्या. हजारो माणसे दगावली. त्या दिवसांच्या चित्रांत ढिगाऱ्याशी नुसती बसलेली माणसे दिसतात. शटरचा वेग येथे काही का असेना! दगडांत दबलेले एखादे भांडे, भिंत जाऊनही उभी राहिलेली एखादी चौकट दिसली, की पाहणाराच्या मनात आदली रात्र उभी राहते.

उलट, रडणाऱ्या स्त्रीच्या तोंडाशी भिंग नेऊन घेतलेली चित्रे आम्हांस खटकतात. ती तिच्या दुःखाजवळ जातात. पण तिचे घर, अंगण, गाव सारे चौकटीबाहेर राहते. तिचे काय गेले हेच त्यांत कळत नाही. तो चेहरा कोठल्याही आपत्तीतला म्हणून खपला असता. किल्लारीचे गाव पुढे दुसऱ्या जागी वसले. जुन्या जागेचे आजचे चित्र शेजारी ठेवावयाचे झाल्यास ते त्या दूरून घेतलेल्या, चौकट दाखविणाऱ्या चित्राच्याच शेजारी ठेवता येईल.