रमाबाई रानडे यांच्या 'आठवणी' आणि स्त्रीनेतृत्वाची पूर्वतयारी

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्याचे वाचन बहुधा दोन अंगांनी होत आले आहे: न्यायमूर्तींच्या चरित्राचे साधन म्हणून आणि पतिनिष्ठेचे निर्व्याज चित्र म्हणून. ही दोन्ही वाचने खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. सार्वजनिक जबाबदारी पेलण्यास एक स्त्री पायरीपायरीने कशी सिद्ध होत गेली, हा या ग्रंथाचा खरा विषय त्यांत झाकला जातो.

१८७३ साली अकराव्या वर्षी विवाह, अक्षरओळखीपासून आरंभ, पुढे इंग्रजी आणि मग सभेत उभे राहणे, असा हा क्रम आहे. त्यात उपदेशाला गौण आणि सरावाला मुख्य स्थान आहे. मुलींच्या हायस्कुलासाठी पुण्यात चाललेल्या खटपटीत रमाबाईंनी भरसभेत इंग्रजी निवेदन वाचले. त्यापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोषही सोसला. शिकलेली विद्या चारचौघांत वापरण्याचा प्रसंग आला, म्हणूनच ती अंगी मुरली.

ग्रंथाची मर्यादाही येथेच आहे. शिकविणारा, संधी देणारा आणि पाठीशी उभा राहणारा पुरुष एकच आहे. तो नसता तर काय, हा प्रश्न निवेदनात उद्भवतच नाही. रानडे यांच्या १९०१ मधील निधनाशी आठवणी थांबतात. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेले सेवासदन ग्रंथाबाहेरच राहते. वस्तुतः त्या प्रश्नाचे उत्तर सेवासदनातच आहे. एका स्त्रीला भाग्याने लाभले ते, शिक्षिका व परिचारिका घडविणाऱ्या वर्गांच्या रूपाने, अनेकींना नियमाने मिळू लागले. पुढे सोलापुरातही सेवासदनाचे कार्य उभे राहिले.

याच सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात हा विचार आज अधिक निकडीचा ठरतो. १९९३ मध्ये लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले. येथे रमाबाईंचा क्रम उलटा झाला आहे: खुर्ची आधी, तयारी नंतर. ग्रामसभेचे अध्यक्षस्थान, अंदाजपत्रक, ग्रामपंचायत अधिकाऱ्याने पुढे केलेल्या कागदावरील सही, ही सारी कामे पहिल्या दिवसापासून अंगावर पडतात. अशा वेळी पतीचे साहाय्य शिक्षण ठरते की प्रतिनिधित्व बळकावणे, याची कसोटी 'आठवणी' पुरवितात: सभेत निवेदन रमाबाईंनी स्वतः वाचले होते.

म्हणून या ग्रंथाच्या अभ्यासकांस एक सूचना करावीशी वाटते. तालुक्यातील ग्रामसभांची इतिवृत्ते या आठवणींच्या शेजारी ठेवून वाचावीत. ठराव कोणी मांडला, शंका कोणी विचारली, उत्तर कोणाच्या नावे नोंदले गेले, हे पाहावे. स्त्रीनेतृत्वाच्या तयारीचे मोजमाप गौरवपर भाषणांपेक्षा अशा नोंदींतून अधिक विश्वसनीय होईल. आणि रमाबाईंचा ग्रंथही चरित्राच्या चौकटीतून मुक्त होईल.