कम्युनिटी कॉलेजातील व्यवसाय-परिचय : एका मुक्त पाठ्यपुस्तकाची चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात व्यवसाय शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली गाठ बहुधा 'व्यवसाय परिचय' या विषयाशी पडते. तीन श्रेयांकांचा, साधारणतः पंधरा आठवड्यांचा हा अभ्यासक्रम वरकरणी निरुपद्रवी वाटतो. विपणन, लेखा, वित्त, मनुष्यबळ इत्यादी शाखांची तोंडओळख करून देणे एवढेच त्याचे काम. तथापि अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत व्यवसायशिक्षण पुढे चालू राहणार की तेथेच थांबणार, हे याच टप्प्यावर ठरते. म्हणून या विषयाचे पाठ्यपुस्तक विद्यार्थ्याला कोणत्या भूमिकेत पाहते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स उपक्रमाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'इंट्रोडक्शन टू बिझनेस' या पाठ्यपुस्तकाची या दृष्टीने चिकित्सा केली आहे.

पार्श्वभूमी

इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ मध्ये सुरू झाले. आज अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक द्विवर्षीय महाविद्यालयांपैकी ते सर्वांत जुने मानले जाते. पुढे १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाच्या अहवालामुळे 'कम्युनिटी कॉलेज' ही संज्ञा रूढ झाली. या संस्थांवर दोन जबाबदाऱ्या आहेत. एक, दोन वर्षांनंतर चार वर्षांच्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्यांची पायाभरणी करणे. आणि दुसरी, थेट नोकरीकडे जाणाऱ्यांना कौशल्य देणे. या दोन जबाबदाऱ्यांचा मेळ सहज बसत नाही. बर्टन क्लार्क यांनी १९६० च्या आपल्या निबंधात असे दाखवून दिले, की विद्यार्थ्याची मोठी आकांक्षा येथे हळूहळू थंड केली जाते आणि अखेरीस माघार घेणे हा आपलाच निर्णय आहे असे त्याला वाटू लागते. स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम कॅराबेल यांनी १९८९ मध्ये 'द डायव्हर्टेड ड्रीम' या ग्रंथात व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमांच्या वाढीची ऐतिहासिक मीमांसा करून हा वाद आणखी पुढे नेला.

व्यवसाय-परिचय हा विषय नेमका या दोन वाटांच्या सांध्यावर उभा आहे. विद्यापीठाच्या वाटेने जाणाऱ्याला पुढे वित्तीय लेखांकन, सूक्ष्म व स्थूल अर्थशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय लागतात. नोकरीच्या वाटेने जाणाऱ्याला दैनंदिन व्यवहाराची जाण लागते. एकाच वर्गात हे दोघेही बसलेले असतात आणि दोघांच्याही हाती एकच पुस्तक असते.

पुस्तकाचे गुण

या पुस्तकाचा पहिला गुण म्हणजे ते ऑनलाइन विनामूल्य उपलब्ध आहे. पाठ्यपुस्तकाच्या किमतीमुळे विषयच सोडून देणारे विद्यार्थी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या गोष्टीचे मोल सांगावे लागणार नाही. व्हर्जिनियातील टाइडवॉटर कम्युनिटी कॉलेजने २०१३ मध्ये पाठ्यपुस्तकांचा शून्य खर्च असणारी पदवी सुरू केली, ती व्यवसाय प्रशासनातच होती, हे येथे लक्षणीय आहे. नैतिकता व सामाजिक जबाबदारी या विषयाला पुस्तकात दुसऱ्याच प्रकरणात स्थान आहे, ही दुसरी जमेची बाजू. प्रत्येक प्रकरणाअखेर सारांश, पारिभाषिक शब्द आणि विचारप्रवर्तक प्रकरण-अभ्यास दिले आहेत. भाषा सुबोध आहे. एकट्याने अभ्यास करणाऱ्यालाही ती अडवत नाही.

मर्यादा : वाचक कोण?

आक्षेप आहे तो पुस्तकाच्या दृष्टिकोनाविषयी. सतरा प्रकरणांचा क्रम पाहिला तर आर्थिक व्यवस्था, जागतिक बाजारपेठ, मालकीचे प्रकार, उद्योजकता, नेतृत्व, संघटनरचना असा तो वरून खाली उतरत जातो. वाचक जणू उद्याचा मालक किंवा व्यवस्थापक आहे असे गृहीत धरलेले दिसते. प्रत्यक्षात या वर्गातील पुष्कळ विद्यार्थी आज पगारी कामगार असतात. कोणी दुकानाच्या गल्ल्यावर, कोणी गोदामात, तर कोणी उपाहारगृहात काम आटोपून वर्गात आलेला असतो. त्यांना व्यवसाय अपरिचित नाही. तो त्यांनी खालच्या बाजूने पाहिलेला आहे. पुस्तकात मात्र कामगार अवतरतो तो आठव्या प्रकरणात 'मनुष्यबळ' म्हणून आणि नवव्या प्रकरणात 'ज्याला प्रेरित करायचे' असा घटक म्हणून. टेलर, मॅस्लो, हर्झबर्ग, मॅकग्रेगर यांचे सिद्धांत वाचताना विद्यार्थ्याने स्वतःला प्रेरणा देणाऱ्याच्या जागी कल्पावे अशी अपेक्षा आहे. ज्याला ती प्रेरणा दिली जाते त्याचा अनुभव हे ज्ञानाचे साधन आहे, असे पुस्तक मानत नाही. कामगार संघटना व सामूहिक वाटाघाटी यांचे विवेचन पुस्तकात आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु तेही मनुष्यबळ व्यवस्थापनाचा एक भाग म्हणून येते.

दुसरा आक्षेप क्रमाविषयी आहे. पंधरा आठवड्यांत सतरा प्रकरणे म्हणजे आठवड्याला एकाहून अधिक प्रकरण. अशा घाईत शेवटची प्रकरणे उरकली जाणे किंवा गळणे स्वाभाविक आहे. लेखांकन चौदाव्या, पैसा व वित्तीय संस्था पंधराव्या, तर वित्तव्यवस्थापन सोळाव्या प्रकरणात येते. कायदा व कर यांची माहिती परिशिष्टात गेली आहे. म्हणजे स्वतःच्या वेतनपत्रकातील कपाती, कर्जाचे व्याज, लहान धंद्याचा ताळेबंद या गोष्टी समजण्यासाठी ज्याची सर्वाधिक गरज तेच सर्वांत शेवटी.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. अभ्यासाचे नियोजन, वेळेचा वापर, करिअरची आखणी या गोष्टी सतराव्या प्रकरणात आल्या आहेत. महाविद्यालय कधीही सोडू नये, असा आग्रहाचा उपदेशही तेथेच आहे. ज्याला या उपदेशाची गरज होती तो विद्यार्थी त्या पानापर्यंत पोहोचलेला नसतो. शिवाय शिक्षण सुटणे हा जणू इच्छाशक्तीचा प्रश्न आहे असा त्याचा ध्वनी आहे. कामाच्या पाळ्या बदलतात, मुलांना सांभाळायला कोणी नसते, फी भरण्याची मुदत टळते. ही कारणे उपदेशाने दूर होत नाहीत. क्लार्क यांनी वर्णिलेली प्रक्रिया ती हीच. व्यवस्थेची अडचण व्यक्तीचा दोष होऊन बसते.

याला श्रेयांकांच्या हस्तांतराची जोड दिली म्हणजे प्रश्नाची तीव्रता लक्षात येते. अमेरिकेच्या सरकारी उत्तरदायित्व कार्यालयाच्या २०१७ च्या अहवालानुसार २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांचे अंदाजे ४३ टक्के श्रेयांक वाया गेले. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून हस्तांतरासाठी स्वतंत्र असोसिएट पदवी निर्माण केली, ती याच अडचणीपोटी. कोणता विषय पुढे मोजला जाईल हे विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात कळावयास हवे. व्यवसायाचा परिचय करून देणारे पुस्तक विद्यार्थ्याच्या स्वतःच्या या गुंतवणुकीचा हिशेब मांडायला शिकवीत नाही, ही विसंगतीच म्हणावी लागेल.

आपल्या संदर्भात

महाराष्ट्रातील वाणिज्य शाखेचा विद्यार्थी अकरावीतच पुस्तपालन शिकतो. त्यामुळे क्रमाचा दोष आपल्याकडे तितकासा जाणवत नाही. दृष्टिकोनाचा दोष मात्र आपल्यातही आहे. वाणिज्य संघटन व व्यवस्थापन या विषयात फेयॉलची चौदा तत्त्वे पाठ करणारा आपला विद्यार्थी सायंकाळी वडिलांच्या किराणा दुकानात उधारीची वही सांभाळतो, आणि त्या वहीचा वर्गात उल्लेखही होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली आणि २०२१ च्या विनियमांन्वये श्रेयांकांची शैक्षणिक बँक स्थापन झाली. श्रेयांक साठविण्याची सोय झाली तरी तो कोठे आणि कशासाठी वापरता येईल, हे सांगण्याची जबाबदारी शिक्षकावरच राहते.

समारोप

हे पुस्तक टाकाऊ आहे असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. उलट त्याच्या दोषांवरील उपाय त्याच्याच परवान्यात आहे. मूळ श्रेय नमूद करून मजकुरात बदल करण्याची, प्रकरणांचा क्रम फिरविण्याची मुभा शिक्षकाला आहे. सतरावे प्रकरण पहिल्या आठवड्यात आणावे, उपदेशाच्या जागी श्रेयांकांचा प्रत्यक्ष आराखडा द्यावा, लेखांकनाचा आरंभ विद्यार्थ्याच्या वेतनपत्रकापासून करावा आणि प्रेरणेच्या सिद्धांतांची कसोटी त्याच्या कामाच्या अनुभवावर लावावी. पुस्तक विनामूल्य झाल्याने दार उघडले, हे खरे. आत आलेल्या विद्यार्थ्याला बसायला जागा करून देणे हे मात्र अध्यापकाचे काम आहे. ते कोणताही परवाना आपल्यासाठी करणार नाही.