कागदावरची माती : जिव्या सोमा मशे आणि रिचर्ड लाँग यांच्या कलासंवादाचा पुनर्विचार

प्रस्तावना

शिल्पकार म्हटला की दगड, लाकूड, धातू आणि छिन्नी-हातोडा डोळ्यांसमोर येतात. ही रूढ कल्पना ज्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडीत काढली, त्यांत ब्रिटिश शिल्पकार रिचर्ड लाँग (जन्म १९४५) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. २००३ साली हे शिल्पकार वारली मुलखात मुक्कामास आले, तेथे पायी फिरले आणि तेथील जमिनीवरच त्यांनी काही रचना केल्या. त्याच वर्षी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथील कुन्स्ट पालास्ट संग्रहालयात त्यांचे काम आणि जिव्या सोमा मशे यांची चित्रे ‘डायलॉग’ या प्रदर्शनात शेजारी शेजारी मांडण्यात आली. या संवादात कागद या माध्यमाने कोणती भूमिका बजावली आणि त्यातून कोण वगळले गेले, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शिल्पकाराचा ठसा आणि कागद

१९६७ साली लाँग यांनी एका गवताळ मैदानावर सरळ रेषेत पुन्हा पुन्हा चालून पायवाट उमटविली आणि तिचे छायाचित्र घेतले. गवत पुन्हा उभे राहिले, रेषा नाहीशी झाली. उरला तो कागद. वस्तू घडविण्याऐवजी ठसा उमटविणे हे शिल्प ठरू शकते, असा या कृतीचा आशय होता. पुढे त्यांनी नदीचा गाळ हाताने थेट भिंतीवर थापून मोठी वर्तुळे रेखाटली. प्रदर्शन संपले की अशा रचना बहुधा पुसल्या जातात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘पेपर्स ऑफ रिव्हर मड्स’ या ग्रंथासाठी तर निरनिराळ्या नद्यांचा गाळ लगद्यात मिसळून हातकागद तयार करण्यात आला. येथे कागद हा चित्राचा केवळ आधार राहत नाही. तो स्वतःच माती होतो.

भिंतीकडून कागदाकडे

मशे (१९३४–२०१८) यांचा जन्म तलासरी तालुक्यातील धामणगावचा, तर पुढील आयुष्य डहाणू तालुक्यातील गंजाड परिसरात गेले. लहानपणी आई वारल्यानंतर ते दीर्घकाळ अबोल राहिले आणि धुळीत चित्रे काढून मनातले सांगू लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणला. बिहारमधील १९६६-६७ च्या दुष्काळात मधुबनीच्या स्त्रियांच्या हाती कागद देणारेही तेच होते. मशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २००९ साली प्रिन्स क्लॉस पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली.

भिंतीवरून कागदावर येताना चित्राचे प्रयोजनच बदलले. लग्नघरी सवासिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. हा चौक विधीचा भाग आहे. लग्नकार्य पार पडले की त्याचे काम संपते. कागदावरील चित्राला मात्र मुहूर्त नसतो, ते वर्षभर काढता येते, नेता येते, विकता येते. मशे यांनी या मोकळिकीचा केलेला उपयोग केवळ व्यावसायिक नाही. त्यांच्या मासेमारीच्या चित्रांत जाळ्याची अतिसूक्ष्म वीण कागदभर पसरते, माणसे आणि मासे तिच्यात लहान होत जातात आणि पाहणाऱ्याची नजरही त्या विणीत गुंतते. चौकात सारे लक्ष मध्यभागीच्या देवीकडे जाते. जाळ्याच्या चित्राला असा एक मध्य नसतो. हा फरक केवळ विषयाचा नसून रचनेच्या तत्त्वाचा आहे. म्हणूनच मशे यांना ‘लोककलेचे प्रतिनिधी’ म्हणून थांबणे अपुरे ठरते. ते एक स्वतंत्र रचनाकार आहेत.

संवादातील अनुपस्थित पक्ष

लाँग आणि मशे यांना एकत्र आणण्यामागचा विचार उघड आहे. दोघेही १९८९ साली पॅरिस येथे भरलेल्या ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या प्रदर्शनात सहभागी होते. त्याचे संयोजक झाँ-ह्युबेर मार्तँ हेच २००३ साली ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयाचे संचालक होते. माती, रेषा आणि वर्तुळ ही दोघांची समान भूमी. पाश्चात्त्य शिल्पकार आणि आदिवासी चित्रकार यांना एकाच पातळीवर, नावानिशी मांडणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती, हे मान्य करावयास हवे.

तथापि साम्याचा निकष काटेकोरपणे लावला, तर निराळेच चित्र दिसते. लाँग हाताने थेट भिंतीवर माती लावतात. ती रचना त्या जागेपुरती आणि त्या काळापुरती असते. वारली समाजात नेमके हेच करणारी व्यक्ती म्हणजे भिंतीपाशी बसलेली सवासीण. मशे यांचा प्रवास तर उलट दिशेचा आहे. ते नश्वर भिंतीकडून टिकाऊ कागदाकडे गेले, आणि लाँग दालनातील टिकाऊ शिल्पाकडून नश्वर ठशाकडे. दोघांची भेट झाली ती या दोन वाटा जेथे एकमेकींना छेदतात तेथे. लाँग यांची खरी समधर्मी त्या दालनात नव्हतीच.

तिच्या अनुपस्थितीचे कारणही कागदातच आहे. भिंतीवरच्या चौकाखाली सही नसते. कागदावर सही येते, सहीबरोबर नाव येते आणि नावाबरोबर किंमत. लाँग यांची पुसली गेलेली रेषासुद्धा छायाचित्र, स्थळ आणि वर्ष यांच्या आधारे कलेतिहासात राहते. सवासिणीने लिहिलेला चौक मात्र ‘परंपरा’ या एका शब्दात विरून जातो. बाजारात गेलेल्या वारली चित्रकलेत पुरुष चित्रकारांचे प्राबल्य का वाढले, याचे उत्तर शोधताना माध्यमाचा हा परिणाम दुर्लक्षून चालणार नाही. २०१४ साली वारली चित्रकलेची भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंद झाली. तिने कलेच्या मूळ प्रदेशाला संरक्षण दिले. पण चौक लिहिणाऱ्या हाताला नाव देणे हे अशा नोंदीचे कामच नव्हे. ते समीक्षेचे काम आहे.

निष्कर्ष

कागद हे तटस्थ माध्यम नाही. त्याने शिल्पकाराला मातीचा ठसा जपण्याची सोय दिली. मशे यांना त्याने विधीपलीकडची रचना आणि स्वतःचे नाव दिले. त्याच कागदाने भिंतीवरील अधिकार मात्र झाकून टाकला. यात मशे यांच्या थोरवीला उणेपणा येत नाही. उलट त्यांनी परंपरेत काय नवे केले, हे चौकाशी तुलना केल्यानेच नेमके कळते. मराठी कलासमीक्षेने वारली चित्रांविषयी सरसकट गौरवाची भाषा सोडून एकेका चित्राचे वाचन करावे, आणि डहाणू-तलासरीतील महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील चौक कोणी, केव्हा, कोणाच्या घरी लिहिला याची संबंधित स्त्रियांच्या संमतीने पद्धतशीर नोंद ठेवावी. परदेशी शिल्पकाराच्या पुसलेल्या रेषेला जेवढी नोंद मिळते, तेवढी आपल्या शेजारच्या पाड्यावरील चौकाला मिळणे ही अवाजवी अपेक्षा नव्हे.